लार्कफिल्डचं हळदीकुंकू

लार्कफिल्डमध्ये घर घेणाऱ्या प्रत्येकाला बिल्डरने एकच चित्र दाखवलं होतं. भिंतीएवढ्या फोटोत हसरं गोरं जोडपं, त्यांचा कुत्रा आणि मागे थेट फ्रीवेला जाऊन मिळणारा रुंद रस्ता. जोडपं आणि कुत्रा पुढे कुठे गेले कोण जाणे, पण रस्ता मात्र कधी आलाच नाही. पॉइंट कुकच्याही पलीकडे, मेलबर्न जिथे संपतं तिथल्या बोडक्या माळावर एखाद्या तालुक्याच्या गावाने तोंडात बोट घालावं एवढी वस्ती उभी राहिली. शाळा झाली, दोन इंडियन ग्रोसरी झाल्या, शनिवारी डोशाची गाडीही येऊ लागली. बाहेर पडायला मात्र जुनी, शेतावर जायची केलर्स लेन, तेवढी एकच. फ्रीवे वस्तीला खेटून जायचा. वरच्या मजल्यावरून ट्रकवरची अक्षरं वाचता यायची. पण मध्ये माळ, माळानंतर जाळीचं उंच कुंपण, आणि वर चढायला वाट नाही. फ्रीवे गाठायचा तर केलर्स लेनने उलट्या दिशेला जाऊन भलामोठा वळसा घ्यायचा.

दुसऱ्या रस्त्यासाठीची ऑनलाइन याचिका कौमुदीनेच लिहिली होती. 'उद्या या माळाला आग लागली, तर आम्ही पिंजऱ्यातल्या उंदरांसारखे अडकू,' असं एक वाक्य तिने त्यात घातलं होतं. तिच्या नवऱ्याला, यतिनला, ते जरा जास्तच वाटलं.

"असू दे रे. थोडं ड्रामॅटिक लिहिल्याशिवाय काउन्सिल हलत नाही," ती म्हणाली होती.

काउन्सिल हललं नाहीच. खरं सांगायचं तर त्या वाक्यावर खुद्द कौमुदीचाही विश्वास नव्हता. ते छान वाटलं, म्हणून तिने लिहिलं होतं.

यंदा रथसप्तमी नेमकी जानेवारीतल्या लाँग वीकेंडच्या रविवारी आली. संक्रांतीचं हळदीकुंकू करायचा शेवटचा दिवस. त्याच दिवशी टोटल फायर बॅन होता, उघड्यावर काडीही पेटवायला बंदी, उत्तरेचा वारा सकाळपासून भट्टीसारखा तापला होता आणि माळावरचं गवत वाळून कडकडीत झालं होतं. पुढे ढकलावं, असं कौमुदीच्या मनात आलं. पण ढकलणार कुठे? शिवाय मंडळाच्या अस्मिताताई पहिल्यांदाच तिच्याकडे येणार होत्या. अस्मिताताई ज्यांच्या घरी येतात ते लोक मंडळातले, बाकीचे कितीही वर्षं राहोत, नवखेच. निदान कौमुदीची तरी तशी पक्की समजूत होती.

यतिनची आई, सुलोचनाबाई, नोव्हेंबरात नाशिकहून आल्या होत्या. यतिनचे वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. वाणासाठी लुटायच्या स्टीलच्या नक्षीदार डब्या त्यांनीच आणल्या होत्या. त्या बसाव्यात म्हणून स्वतःचे स्वेटर बॅगेतून काढून ठेवले होते. त्या दिवशी सकाळी त्यांनीच तिळाच्या वड्या पाडल्या, हळदीकुंकवाचं तबक घासूनपुसून लखलखीत केलं, आणि हात पुसत विचारलं, "मी स्वरदाकडे जाऊन बसू का गं? ती इकडे येणार, म्हणजे तिचं घर रिकामंच असेल. तुम्हा बायकांत मी कुठे मध्ये मध्ये."

"अहो आई, इथे असलं काही कोणी पाळत नाही," कौमुदी म्हणाली.

म्हणाली खरी, पण मान वर करून म्हणाली नाही. 'तुम्ही इथेच बसा, माझ्या शेजारी,' हे पुढचं वाक्य तिने गिळून टाकलं. अस्मिताताईंच्या कपाळावर आठी पडली तर? एवढ्या बायकांसमोर, पहिल्याच वेळी? मग ती म्हणाली, "पण तुम्हाला तिकडे निवांत वाटणार असेल तर जा. तिचा एसी चांगला आहे. टीव्हीवर मालिकाही लागतात."

"तेच म्हणते मी," सुलोचनाबाई म्हणाल्या. कौमुदीकडे ठेवलेली स्वरदाच्या घराची किल्ली त्यांनी पदराच्या टोकाला बांधली आणि त्या रुमाल डोक्यावर घेऊन निघाल्या. स्वरदा कौमुदीची मैत्रीण, तिचं घर शेवटच्या रांगेत, माळाला लागून. कौमुदीला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाजही वाटली, पण फुलं लावायची राहिली होती. सोफ्याशेजारच्या टेबलावर सुलोचनाबाईंचा चष्मा, गोळ्यांचा डबा आणि दम्याचा पंप पडला होता. पाहुण्यांसमोर हा दवाखाना कशाला, म्हणून तिने ते सगळं उचललं आणि स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये सारून दिलं.

दुपारी बायका आल्या, आणि काय आल्या! पैठण्या, नथी, अत्तराचा घमघमाट. गाड्यांनी कौमुदीच्या रस्त्याच्या दोन्ही कडा भरल्या. लार्कफिल्डचे रस्ते मुळात एवढे अरुंद की एका बाजूला गाडी लावली तरी दुसरीला अंग चोरून जावं लागतं. कौमुदीचं घर केलर्स लेनच्या तोंडाशीच होतं, त्यामुळे वस्तीच्या नरड्यातच सगळ्या गाड्या बसल्या. पण एरवीही पार्टी असली की असंच व्हायचं, कोणाला काही वाटलं नाही.

अस्मिताताईंनी डबी उलटसुलट करून पाहिली. "काय सुरेख आहे गं! इथे मिळाली?"

"नाशिकहून मागवली," कौमुदी म्हणाली. कोणी आणली, ते सांगायचं राहून गेलं.

पहिल्यांदा वास आला. कोणीतरी म्हणालं, शेजारी बार्बेक्यू असेल. टोटल फायर बॅनला कोण बार्बेक्यू करतंय? मग खिडकीतला उजेड तांबूस झाला, उटण्यासारखा. पाठोपाठ सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. माळाला आग लागली होती, वारा वस्तीच्या दिशेने होता, ताबडतोब निघा, असं इमर्जन्सी अ‍ॅप सांगत होतं.

क्षणभर कोणी हललं नाही. मग ज्या बायका दारात निरोप घ्यायला अर्धा तास लावतात, त्या चपला हातात घेऊन धावल्या. एक गाडी मागे घेताना दुसरीला अडली. दुसरी पुढे गेली ती समोरून येणाऱ्या आगीच्या बंबासमोर अडकली. बंब भोंगा वाजवत तिथेच उभा राहिला, आणि हेल्मेटवाला माणूस खाली उतरून गाड्यांच्या टपांवर थपडा मारू लागला. मागून सगळं लार्कफिल्ड येत होतं. हे सगळं आपल्या दारात, आपल्यामुळे होतंय, हे कौमुदीला दिसत होतं. पण तिच्या डोक्यात एकच होतं. आई शेवटच्या रांगेत आहेत.

त्यांचा फोन लागेना. ती साडीचा काचा मारून धावत सुटली, येणाऱ्या गाड्यांच्या उलट्या दिशेने. वाटेत यतिनचा फोन आला. तो शिफ्ट संपवून निघाला होता.

"मी फ्रीवेवर आहे," तो ओरडत होता. "मला आपलं घर दिसतंय गं! समोर दिसतंय! इथून उतरायला जागाच नाहीये. आई कुठे आहे?"

"आहेत. माझ्याजवळच आहेत," कौमुदी म्हणाली, आणि फोन ठेवून आणखी जोरात धावली.

स्वरदाच्या घराला कुलूप होतं. मागचं लाकडी कुंपण धुमसत होतं. शेजारचा म्हातारा ब्रायन बागेच्या पाइपने छपरावर पाणी मारत होता.

"द ओल्ड लेडी? शी लेफ्ट एजेस अगो, लव्ह," तो खोकत म्हणाला. "आमच्या रांगेची पॉवर गेली तेव्हा मीच दार ठोकलं, गो होम म्हटलं. दॅट वे." त्याने कौमुदीच्या घराकडे हात केला.

कौमुदी जशी आली तशी परत धावली. आई घरी पोचल्या असत्या तर दिसल्या असत्या. मग वाटेत पडल्या की काय? प्रत्येक कुंपणापाशी, प्रत्येक झाडाखाली ती बघत होती, आणि धुरात सगळंच साडीसारखं दिसत होतं.

सुलोचनाबाई सापडल्या त्या घराच्या बाजूला, कुंपण आणि भिंत यांच्यामधल्या बोळात. कचऱ्याच्या डब्यांच्या आडोशाला, पदर नाकातोंडावर धरून बसल्या होत्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"आई! अहो, इथे काय करताय? आत का नाही आलात?"

"पंप... घ्यायला आले होते," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या. "बायका होत्या ना अजून. म्हटलं, गेल्या की... येते. मग... उठवेचना."

भिंतीच्या आत गुलाबपाणी शिंपडलं जात होतं, तेव्हा भिंतीबाहेर त्या धुरात बसल्या होत्या. कौमुदी आत धावली. तिने ड्रॉवर उपसला, पंप आणला, त्यांच्या तोंडाला लावला. औषध आत गेलं, पण श्वास काही सुटेना. ओठ निळसर दिसत होते. तिने आपत्कालीन नंबर फिरवला. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीच आहे, केलर्स लेनला आहे, पण समोर गाड्या आहेत, असं पलीकडची बाई शांतपणे म्हणाली.

कौमुदीने त्यांना उचलूनच गाडीत घातलं आणि लेनला लागली. लेनवर गाड्या नुसत्या उभ्या होत्या. बाहेर पडणाऱ्यांनी येणाऱ्यांची बाजूही भरून टाकली होती. लांब, रांगेच्या पलीकडच्या टोकाला, निळे-लाल दिवे फिरत होते आणि जागचे हलत नव्हते. पुढे सगळ्या तिच्याच पाहुण्या होत्या. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून स्टीलची डबी चकाकत होती.

ती उतरली आणि गाड्यांच्या काचा ठोकत सुटली. "बाजूला घ्या! प्लीज, गवतात घ्या गाडी, अ‍ॅम्ब्युलन्सला जागा द्या!" येणाऱ्यांच्या बाजूला घुसलेल्यांत सगळ्यांत पुढे अस्मिताताईंची गाडी होती. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. स्टिअरिंग फिरवून गाडी खड्ड्यात उतरवली, बंपर खाडकन आपटला, आणि मागच्या गाड्यांना हात करत त्या स्वतः रस्त्यात उभ्या राहिल्या. बायकांनी एकामागून एक गाड्या गवतात घातल्या. मग पैठणीचा ओचा खोचून अस्मिताताई कौमुदीच्या गाडीकडे आल्या, मागच्या सीटवर बसल्या आणि सुलोचनाबाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

"कोण गं या?"

"माझ्या सासूबाई."

"सासूबाई? इथे आहेत तुझ्या सासूबाई?" अस्मिताताईंच्या कपाळावर आठी पडली, कौमुदी ज्या आठीला घाबरत होती तीच. "मग मघाशी कुठे होत्या? माझी आई, बाबा गेल्यावरसुद्धा, दर हळदीकुंकवाला मधोमध बसायची. यांना का नाही बसवलंस?"

कौमुदीने पंप पुन्हा सुलोचनाबाईंच्या तोंडाशी नेला.

सुलोचनाबाईंनी डोळे उघडले. अस्मिताताईंचा हात धरून त्या म्हणाल्या, "मीच... गेले. मला गर्दी... सोसत नाही. ती म्हणत होती... बसा."

अ‍ॅम्ब्युलन्स येऊन टेकली होती. तिच्यातल्या माणसांनी स्ट्रेचर काढलं, मास्क लावला. पदराच्या गाठीतली किल्ली सुलोचनाबाईंनी चाचपली, कौमुदीकडे बोट केलं. स्वरदाला दे, एवढं तिला कळलं.

कौमुदी आत त्यांच्या शेजारी बसली. दार लागलं. मागच्या काचेतून माळ दिसत होता, धूर दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे फ्रीवे. गाड्या सुरळीत धावत होत्या, त्यांतल्याच एकीतून यतिन मघाशी पुढे गेला होता. हॉस्पिटल त्याच फ्रीवेवर, पुढच्या फाट्याला. अ‍ॅम्ब्युलन्स वळली आणि केलर्स लेनने उलट्या दिशेला निघाली.

सांगायला वेळ भरपूर होता, वळसाच तेवढा मोठा होता. मी म्हटलं नव्हतं आई, बसा असं मी म्हटलंच नव्हतं, तुम्ही त्यांना खोटं सांगितलंत, हे तिला सांगायचं होतं. वाटेतल्या पुलापर्यंत तिने मनात शब्द जुळवले. पुलाच्या पुढे ती त्यांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "आई, चूक माझी आहे."

अ‍ॅम्ब्युलन्सच्या माणसाने तिला हाताने मागे सारलं आणि सुलोचनाबाईंच्या छातीवर दोन्ही तळवे ठेवून तो दाबू लागला. हॉस्पिटल अजून लांब होतं.