तुळसाची रवण

माझी मोठी जाऊ तुळसा जिवंतपणी कुणाचं ऐकत नसे, आणि मेल्यावरही तिनं ऐकलं नाही. लोक म्हणतात, आवडाबाईची जीभ तिखट, मेलेल्या माणसालाही सोडत नाही. का सोडू? एका चुलीवर जन्म काढलाय मी तिच्याबरोबर. मला विचारा.

प्लेगचं ते साल. आमचं घर कोपरला, खाडीच्या अंगाला, मागे सगळी मिठागरं. परसात कोंबड्या होत्या, पण त्या तुळसाच्या. मी नुसती त्यांची घाण झाडायची. त्यातली तांबडी शिमग्याच्या आधी खुडूक झाली. अंडी द्यायची थांबली, पिसं फुगवून कोपऱ्यात बसून राहिली आणि जवळ जाईल त्याला टोच मारायला लागली. तुळसानं जुन्या पाटीत राख पसरली, वर पेंढा घातला, एकेक अंडं उजेडाशी धरून बघितलं आणि चांगली तेवढी तिच्याखाली मांडली. असं कोंबडीला अंड्यांवर बसवलं की आम्ही त्याला रवण म्हणतो.

रवणीचा आमच्याकडे एक नेम आहे. ज्या हातानं अंडी मांडली, त्याच हातानं पिलं काढायची. मध्येच दुसऱ्याचा हात लागला तर रवण फुकट जाते, आणि घरात कुणी पोटुशी असेल तर तिच्यावर येतं. आमच्या घरात तर गोदा होती. तुळसाची सून, महिपतची बायको, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तुळसा सुईणही होती. वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली, त्याचा तोरा केवढा! त्या दिवशी पाटी चुलीजवळ सरकवून गोदाला म्हणाली, "ही पिलं आणि तुझं पोर, दोन्ही माझ्या हातची. घाबरायचं नाही."

मी म्हटलं, "जाऊबाई, एवढं बोलू नये. उद्याचं कुणी बघितलंय?"

"तू तुझी भाकर थाप," म्हणाली.

मग आढ्यावरून उंदीर पडायला लागले. तुळसाच्या काखेत गाठ आली आणि बघता बघता बाई गेली. सरकारी माणसं आली, घर रिकामं करायला सांगितलं, आणि आम्ही मिठागरापलीकडच्या माळावर झोपड्या बांधून राहिलो. निघताना महिपतनं दाराला कडी लावली आणि वर काथ्या गुंडाळून गाठ मारली. तांबडी आतच राहिली. तिला उचलणार कोण? ज्या हातानं रवण मांडली तो हातच राखेत गेलेला.

गोदा रोज विचारायची, "काकी, तांबडी मेली असेल का हो?" मी म्हणायची, "गप बस पोरी, तू आपल्या पोटाकडे बघ." पण मनात माझ्याही तेच. बसलेली कोंबडी उपाशी मारायची म्हणजे काय थोडं पाप आहे?

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. कावळे होते, बांधावर ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेना. महिपत हात जोडून सांगायचा, "आये, गोदाला सांभाळीन. आये, काकीला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. ऊन वर आलं. भावकीतली माणसं चुळबुळायला लागली. शेवटी महिपत रडकुंडीला येऊन ओरडला, "आये, तुझा जीव तांबडीत अडकलाय ना? तर हाती घेतलेलं काम तूच पुरं कर! आम्ही आड येणार नाही!"

शब्द तोंडातून पडतो न पडतो तोच कावळा पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

झोपडीत येऊन महिपतनं हे मोठ्या कौतुकानं गोदाला सांगितलं. ती ऐकत होती, ऐकता ऐकता पांढरी पडली. तो पाणी आणायला गेल्यावर माझा हात धरून म्हणाली, "काकी, सासूबायनं हाती घेतलेली कामं दोन होती."

मेलेला हात पोराला लागला की ते पोर इथलं राहत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि या शहाण्यानं भावकीदेखत, पिंडासमोर शब्द देऊन ठेवलेला! मी गोदाला जवळ घेतलं. "मी आहे ना," म्हटलं. पण माझं मलाच खरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पदरात तांदळाची कणी बांधली आणि घराकडे गेले. वाडी ओस. कुत्रंसुद्धा नाही. दाराची गाठ महिपतनं मारलेली तशीच होती, ती सोडायला माझी नखं मोडली. आत पाऊल टाकलं तर तांबडी पाटीत बसलेली, चांगली गुबगुबीत, डोळे लुकलुकवत. तिच्यापुढे करवंटीत पाणी काठोकाठ. बाजूला भिजवलेली कणी, ताजी, वर चिमूटभर हळद. कोंबडीला हळद घालून कणी तुळसाशिवाय कोण देत होतं? त्यावरून मी कितीदा भांडलेय तिच्याशी.

माझी कणी माझ्या पदरातच राहिली. "जाऊबाई," मी म्हटलं, "तांबडीचं कर. पण पोरीच्या वाटेला जाऊ नकोस." घरात काही हललं नाही. चुलीत विस्तव नव्हता, तरी चुलीपाशी कुणी बसलंय असं वाटत होतं. मी पाठ न वळवता दाराबाहेर आले.

मग मी डोकं चालवलं. तुळसा एका वेळी एकच काम करायची. रवण पुरी होईपर्यंत ती पाटीपासून हलणार नाही. मग रवण पुरी होऊच द्यायची नाही! पलीकडच्या झोपडीतल्या आनंदाच्या बायकोकडून अंडी मागितली आणि उकडून घेतली. ती तांबडीखाली सरकवायची. सगळी अंडी फुटल्याशिवाय रवण पुरी नाही, आणि उकडलेलं अंडं काही जन्मात फुटत नाही. बसू दे दोघींना वाट बघत. तोवर गोदा माझ्या हातावर मोकळी होईल. रवणीला दुसऱ्याचा हात लावू नये हे मलाही ठाऊक होतं, पण म्हटलं, मांडलेल्या अंड्यांना मी शिवणारच नाही. लबाडी ती लबाडी, पण पोराच्या जिवापुढे कसली लाज?

सकाळी गोदाची कंबर दुखत होती. "अजून वेळ आहे," मी म्हटलं आणि अंडी पदराखाली घेऊन निघाले. महिपत मिठागरावर गेलेला.

दार उघडलं आणि जागीच थांबले. पाटी रिकामी होती. तांबडी जमिनीवर उभी. कवचं गोळा करून चुलीच्या राखेत नीट ठेवलेली. आणि कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली पिलं होती, सगळीच्या सगळी, सुकलेली, डोळे उघडे. मी डालगं उचललं. पिलं माझ्याकडे बघत होती. एकही चिवचिवत नव्हतं. अंड्यातून निघालेलं पिलू गप्प बसलेलं कधी कुणी ऐकलंय? तांबडी चोच उघडत होती, पिलांना बोलवत होती, पण तिच्याही गळ्यातून आवाज येत नव्हता.

मी वेड्यासारखी उकडलेली अंडी पाटीत टाकली. "बस, बस गो बाय," म्हणत तांबडीला दाबून बसवलं. ती उठली. परत बसवली, परत उठली. पिलं निघाली, तिचं काम संपलं होतं. मग माझ्या ध्यानात आलं की घरात आता कुणीच नाहीये. चुलीपाशीसुद्धा नाही.

मी धावले. मिठागराच्या बांधावरून, अनवाणी, दोनदा चिखलात पडले. "गोदे, गोदे" ओरडत झोपडीत शिरले.

गोदा निजलेली होती, घाम पुसलेला, केस मागे सारलेले, अंगावर घडीचं लुगडं पांघरलेलं. नाळ कापून, दोऱ्यानं बांधून, पोर न्हाऊ घालून तिच्या कुशीत ठेवलेलं. मुलगा. तिनं डोळे किलकिले करून हसून बघितलं. "काकी, तुम्ही होतात म्हणून बरं. पण तुमचे हात किती गार पडलेले."

मी हात पदराखाली घेतले. "खाडीच्या पाण्यात गेलेले," म्हटलं.

"आणि हा रडत का नाही, काकी?"

पोराचे डोळे उघडे होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि आवाज नाही. ओठांवर निळं चढत होतं. मी तळपायाला चापट मारली, पाठ चोळली. काही नाही. मग माझा तोल गेला. "सोड गो त्याला!" मी ओरडले. "जन्मभर तुझंच खरं केलंस! झालं ना तुझं काम? आता हात काढ, मेले!" पोर तसंच. निळं आणखी पसरलं. गोदा हुंदके द्यायला लागली.

आणि मला आठवलं, कुणाचंही बाळंतपण करताना तुळसा पोर हातात घेऊन थांबायची. घरच्या मोठ्या बाईनं पदर पसरून मागितल्याशिवाय कुणाला म्हणून देत नसे. सुईणीची रीतच ती. इथं मागायला कुणी नव्हतंच. ती थांबली होती. आणि मी शिव्या देत होते.

मी गुडघ्यांवर बसले. पदर पसरला. एवढ्या वर्षांत तिच्याकडे एक पळीभर आमटीही मी कधी मागितली नव्हती. "जाऊबाई," म्हटलं, "फार चांगलं केलंत. द्या आता. आमचं आहे."

पदरात ओझं आलं. पोर गोदाच्या कुशीतच होतं, पण ओझं माझ्या पदरात आलं, आणि पोरानं टाहो फोडला. झोपडीबाहेरून आनंदाची बायको धावत आली इतका मोठा. गोदा हसत होती, रडत होती, त्याला छातीशी धरत होती.

मी पदर तसाच पसरून बसून राहिले. समोर कुणी नव्हतं. तुळसा मेली हे मला तेव्हा कळलं, आणि सगळ्यांनी आवरलं तरी माझं रडू काही थांबेना.