शनीच्या कड्यांचं एकच उत्तर

संहिता इंदूरच्या एका कॉलेजात नऊ वर्षं फिजिक्स शिकवत होती, पण कंत्राटावर. कायम जागा यंदा एकच निघाली होती, आणि पुढच्या महिन्यात ती वयाच्या अटीबाहेर जाणार होती.

मुलाखतीत अध्यक्षांनी विचारलं, "शनीला कडी कशी आली?"

हा तिचा आवडता विषय. ती मोकळेपणानं बोलू लागली. "बर्फाचा एखादा चंद्र शनीच्या फार जवळ गेला आणि ओढीनं फुटला, असं बरेच जण मानतात. काहींच्या मते कडी शनीइतकीच जुनी. शनीजवळ गेलेल्या यानानं मोजलेल्या धुळीवरून ती दहा ते चाळीस कोटी वर्षांची वाटतात, पण बर्फावर धूळ टिकतच नसेल तर तेही चुकतं. गुरूची कडी तर वेगळीच, त्याच्या चंद्रांवर उल्का आदळून उडालेली धूळ. खरं सांगू सर, शनीचं नक्की कोणालाच ठाऊक नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडमजी, क्लासमध्ये पण असंच सांगता का? ठाऊक नाही म्हणून? एकच उत्तर द्या ना, सीधा."

तिनं लगेच सांगितलं, "चंद्र फुटला, सर. दहा कोटी वर्षांपूर्वी. पक्कं."

अध्यक्षांनी मान डोलावली. टोकाला बसलेल्या, बाहेरगावाहून आलेल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आत्ताच म्हणालात, कोणालाच ठाऊक नाही. मिनिटभरात काय सापडलं?"



"काही नाही," ती म्हणाली. "मला ही नोकरी हवी आहे."

बाईंनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं.

चार वाजता यादी लागली. निवड झाली होती अंकुरची. तीन वर्षांपूर्वी तो तिच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. तो धावत आला, पाया पडला.

"मॅडम, तुमच्या नोट्स मिळतील का? मी त्यांच्यावरूनच शिकवीन म्हणतो."

"घे ना," ती म्हणाली. "स्टाफरूममध्ये आहेत."

तिनं कपाट उघडून वह्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. मग चालत कृष्णपुऱ्यापर्यंत आली आणि तिथल्या होळकरांच्या छत्रीच्या, त्या जुन्या दगडी स्मारकाच्या, पायरीवर बसली. नवऱ्याचा फोन आला.

"काय झालं गं? झालं ना काम?"

"नचिकेत," ती म्हणाली, आणि पुढे तिला बोलताच येईना. तो पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिला.