माझी काच, त्याचं अंग

मित्रांनो, खिळ्याला टांगलेली ही काळी, बोजड वस्तू म्हणजे मी. आहे कॅमेराच, पण तोंडावर लेन्स नाही, त्यामुळे ओळख सांगताना थोडा संकोच वाटतो. युक्लिड शियासोंच्या बोटीवर, केबिनच्या दाराबाहेर माझी जागा आहे. समोर कॅनडातलं सेंट लॉरेन्सचं आखात, पाठीमागे लामेक गावचा धक्का आणि त्यावर रचलेले खेकड्यांचे सापळे. म्हातारा झालो म्हणून माझी कीव करू नका, ती मला खपत नाही. गोष्ट तेवढी ऐका.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात आरसा बसवताना तिथल्या बाईंनी श्वास रोखून धरला होता, इतकं ते नाजूक काम. बाहेरून मात्र मी दणकट. त्या काळी माझा थाट काय वर्णावा! दुकानातल्या काचेच्या कपाटात सगळ्यात वरचा कप्पा माझा होता, आणि भलेभले लोक मला नुसतं हातात धरून बघायला यायचे. एदमे लांतेनने मला घरी नेलं, तेव्हा तिने शाळेतली नोकरी सोडून देवमाशांचा नाद धरला होता. गावात लोक म्हणायचे, बाई कामातून गेली.

उन्हाळ्यात आमच्या आखातात एका जातीचे देवमासे येतात. आता ते फार थोडे उरले आहेत. त्यांच्या काळ्या डोक्यावर पांढरे, खडबडीत डाग असतात आणि कुठल्याही दोघांचे डाग सारखे नसतात. डागांचा फोटो काढला की कोण आलं आणि कोण आलं नाही, ते कळतं. हेच माझं काम, आणि ते मी कित्येक वर्षं इमानाने केलं. एकदा आईच्या अंगाला बिलगून पोहणारं एक पिल्लू मी टिपलं. त्याच्या कपाळावरचा डाग स्वल्पविरामासारखा वाकडा होता, म्हणून एदमेने त्या पोरीचं नावच स्वल्पविराम ठेवलं. त्या फोटोचं फार कौतुक झालं. एदमेच्या स्वयंपाकघरात तो अजून लावलेला आहे, जरा तेलकट झालाय इतकंच.

एदमेची मुलगी रोझलिन मोठी झाली आणि तिने आईपेक्षा अवघड काम अंगावर घेतलं. खेकड्यांच्या सापळ्याला खुणेचा तरंगता बोया दोराने बांधलेला असतो. हे दोर देवमाशांच्या तोंडात, शेपटीला अडकतात. ते मांसात रुततात आणि जनावर महिनोन्महिने झिजून मरतं. रबरी बोटीतून त्याच्या अगदी जवळ जायचं आणि लांब काठीला बांधलेल्या आकड्यासारख्या सुऱ्याने दोर कापायचा, हे रोझलिनचं काम. या कामात माणसं जिवाला मुकली आहेत. एदमेने तिला विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, काही दिवस अबोलाही धरला. शेवटी मायलेकींचं एवढंच ठरलं की आई युक्लिडच्या मोठ्या बोटीवरून फोटो काढेल, दोर कुठून कसा गेलाय ते वायरलेसवर सांगेल, आणि आईने सांगितल्याशिवाय मुलगी सुरा चालवणार नाही.

मग एका वर्षी हंगामाच्या सुरुवातीला रोझलिन नवा कॅमेरा घेऊन आली.

"आई, हा वापर आता," ती म्हणाली. "आणि तुझ्या त्या दगडोबाला पेन्शन दे."

खोटं कशाला बोलू, माझा अगदी जळफळाट झाला. पण तो होताच तसा. आम्ही दोघं एकाच घराण्यातले. तोंडाचं माप एकच, म्हणजे माझी लेन्स त्याला बसायची आणि त्याची मला. बाकी सगळा जमीन-अस्मानाचा फरक. अंधारून आलं की माझ्या फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके दिसायचे, त्याचा फोटो लख्ख. माझ्या फोटोतला दोर मोठा करून पाहिला की तो पुसट व्हायचा, त्याच्या फोटोतल्या दोराचे पीळसुद्धा दिसायचे. आणि दम! मी खटाक खटाक करत थोडे फोटो काढायचो की माझा लाल दिवा लागायचा, आणि ते कार्डावर उतरेपर्यंत मी ठप्प. तो मात्र धबधब्यासारखा सुरू व्हायचा आणि थांबायचंच नाव घ्यायचा नाही. मी खिळ्यावर गेलो. एदमे तरीही मला रोज पुसायची आणि माझी बॅटरी भरून ठेवायची. रोझलिन म्हणायची, कशाला गं उगाच. आई म्हणायची, असू दे.

गेल्या जूनची गोष्ट. दोरात अडकलेला एक देवमासा विमानातून कोणाला तरी दिसला होता. आम्ही तिथे पोचलो तेव्हा पाणी बर्फासारखं गार, वर झिमझिम, आणि उत्तरेकडून धुकं सरकत येत होतं. एदमेने नव्या कॅमेऱ्याने लांबूनच त्या जनावराचं कपाळ टिपलं, पडद्यावर मोठं करून पाहिलं. तोच वाकडा डाग. ती स्वल्पविराम होती. मी तिला एवढीशी असताना पाहिली होती हो.

स्वल्पविराम खोल गेली. तेवढ्यात रबरी बोट पाण्यात उतरवायची होती आणि त्याला एदमेचे दोन्ही हात हवे होते. तिने नवा कॅमेरा युक्लिडच्या हाती दिला. युक्लिड मनाने सोन्यासारखा माणूस. त्याला वाटलं, एवढी भारी वस्तू पावसात कशाला भिजवायची. त्याने ती केबिनमध्ये नेली, टॉवेलात गुंडाळली आणि शेगडीजवळच्या फळीवर ठेवली. शेगडीवर फ्रिको नावाचा रस्सा रटरटत होता, कोंबडी आणि बटाट्याचा, आणि भांड्यावर झाकण नव्हतं. सगळी केबिन वाफेने भरलेली. मला उघड्या दारातून सगळं दिसत होतं आणि ओरडता येत नव्हतं. गारठलेला कॅमेरा उबेत नेला की त्याच्या काचेवर दव धरतं. एदमेने हे युक्लिडला कितीदा तरी सांगितलं होतं, पण ऐन वेळी त्याच्या डोक्यातून ते गेलं.

रोझलिन आणि तिचा साथीदार रबरी बोटीतून पुढे गेले. पाण्यावर वाफेचा फवारा उडाला. स्वल्पविराम वर आली होती.

एदमे धावत केबिनमध्ये आली, नवा कॅमेरा उचलून बाहेर पळाली आणि डोळ्याला लावला. सगळं पांढरं. तिने बाहीने काच पुसली, पुन्हा पाहिलं. दव लेन्सच्या आतल्या काचांवरही धरलं होतं.

"आत कोणी नेला हा?" ती एवढंच म्हणाली. युक्लिड डाव हातात धरून तसाच उभा राहिला.

मग तिने मला ओढलं. खिळा वाकला, पण मी हातात आलो. मित्रांनो, माझं बटण कुठे आहे हे तिच्या बोटाला विचारावं लागत नाही. मी धडाधड सुरू झालो. कपाळ आलं, तोंड आलं, तोंडात डावीकडून गेलेला दोर आला, पाठीवर ताणलेला दोर आला. आता स्वल्पविरामने पाठ वाकवली. आता शेपूट वर येणार, आणि शेपटीचाच फोटो तर हवा होता. तेवढ्यात माझा लाल दिवा लागला. एदमे बटण दाबत राहिली आणि मी मुका. डोळ्यांदेखत ती शेपूट वर आली आणि पाण्यात गेली. जन्मात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वायरलेसवर रोझलिनचा आवाज आला. "आई, दोर तोंडात गेलाय. इथून मला स्पष्ट दिसला. आता वर आली की पुढचाच कापते."

"थांब. मला शेपूट दिसली नाही."

"आई, धुकं बघ की. ही संधी गेली तर गेली."

"थांब म्हटलं ना, रोझ."

थांबायला कारण होतं. दोर नुसता तोंडातून गेला असेल तर पुढे कापला की काम झालं. पण शेपटीलाही वेढा असेल, तर पुढचा दोर तुटताच सगळा ताण शेपटीवर येणार, जनावर बिथरणार आणि शेपूट आपटणार. आणि रबरी बोट तेव्हा असते तिच्या आवाक्यात. शेपटीच्या एका फटक्यात तिचे तुकडे झाले असते.

एदमेने माझ्याकडे पाहिलं, मग नव्या कॅमेऱ्याकडे. ती फळ्यांवर फतकल मारून बसली, पावसाकडे पाठ केली आणि माझी लेन्स फिरवून काढली. त्याची दवाने भरलेली लेन्स काढून माझी त्याला बसवली. माझ्या तोंडाचं झाकण शोधायला तिला वेळ नव्हता. तिने मला तसंच पेटीवर ठेवलं, तोंड आभाळाकडे करून. लेन्स गेली तसा मी आंधळा झालो. खारट झिमझिम सरळ माझ्या आरशावर पडू लागली. यापुढचं मी फक्त ऐकलं.

बराच वेळ काहीच नाही. नुसत्या लाटा आणि इंजिनाची घरघर. युक्लिड हलक्या आवाजात म्हणाला, परत फिरू या. मग स्वल्पविरामचा श्वास ऐकू आला, जवळून, जड. आणि लगेच नव्या कॅमेऱ्याच्या खटखटीची सर सुरू झाली. ती थांबेचना. एरवी या आवाजाचा मला किती राग यायचा! त्या दिवशी मी मनात म्हणत होतो, बाबा रे, थांबू नकोस, शेपूट येऊ दे.

सर थांबली. एदमे पडद्यावर बघत असणार. मग तिने वायरलेस उचलला, आणि तिचा आवाज शाळेत शिकवायची तेव्हासारखा सपाट होता.

"रोझ, शेपटीच्या मुळाशी वेढा आहे. मागे बोया लोंबतोय, त्याने तो आवळलाय. पुढे हात लावू नकोस. दूर हो, वळसा घालून मागून ये, आणि बोयाचा दोर आधी काप."

उत्तर आलं तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"आई, सुरा दोरावर ठेवला होता मी."

रबरी बोटीचं इंजिन दूर गेलं, पुन्हा जवळ आलं. मग पाण्यावर असा काही दणका बसला की मी पेटीवर उडालो. एदमे रोझचं नाव पुटपुटत होती, एकसारखी. मला वाटलं, संपलं सगळं. आणि मग वायरलेस खरखरला. बोयाचा दोर तुटला होता, वेढा सैल होऊन निसटला होता, आणि रबरी बोट शेपटीपासून लांब होती. पुढच्या वेळी ती श्वास घ्यायला वर आली तेव्हा रोझलिनने तोंडाजवळचा दोरही कापला. स्वल्पविराम मोकळी होऊन निघून गेली. रोझलिन वर चढली, तेव्हा एदमेने तिला आधी एक धपाटा घातला आणि मग पोटाशी धरलं.

माझी आठवण त्यांना धक्क्यावर आली. तोवर माझ्या पोटात मीठ शिरलं होतं. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं, मान हलवली आणि पुन्हा बंद केलं. एदमे मला टाकून देणार नव्हती, पण कुठे ठेवावं तेही तिला सुचेना. तेव्हा रोझलिननेच वाकलेला खिळा ठोकून सरळ केला आणि मला इथे टांगलं. माझी लेन्स आता त्याच्याच तोंडावर असते. त्याचा मला आता राग येत नाही. आणि युक्लिडचं म्हणाल, तर तो आता भांड्यावर झाकण ठेवतो, आणि कॅमेरा घेऊन कोणी केबिनच्या दाराशी आलं की अंगावर धावून जातो.

तेव्हा मित्रांनो, वस्तूवर माया जरूर करा, पण तिला काय मानवतं ते आधी बघा. जिला थंडीत काम करायचं आहे तिला थंडीतच राहू द्या. आणि एखादी वस्तू जुनी झाली म्हणून तिची बॅटरी भरायची सोडू नका.

या जूनमध्ये आम्ही पुन्हा आखातात होतो. नव्या कॅमेऱ्याची सर सुरू झाली, मग थांबली. कोणीतरी माझ्यापाशी आलं. माझ्या पाठीवर ओल्या हाताने दोनदा थोपटलं. रोझलिन होती.

"दगडोबा, तुझी पोरगी आलीये," ती म्हणाली. "शेपटीवर पांढरा वळ आहे. बाकी ठणठणीत."

मला काही दिसलं नाही. पण ती मला सांगायला आली होती.