बातमी आणणारी

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी फुलानं चर्चच्या पायरीवर पहिल्यांदा काठी टेकवली. काठी आदल्या दिवशीच गोठ्यामागच्या वेळूतून तोडलेली होती. नवी दिसू नये म्हणून तिनं ती रात्रभर चुलीच्या धुरात धरली होती. त्या सकाळी तिनं दोन म्हशींचं दूध काढलं होतं, विहिरीवरून आठ घागरी पाणी आणलं होतं आणि शेणाची पाटी उकिरड्यावर ओतली होती. मग पातळ बदललं आणि काठी घेतली.

"आत्या, पायाला काय झालं?" सून रेश्मानं विचारलं.

"वय झालं."

"काल तर झाडावर चढून फणस काढलासा."

"काल ते काल. आज वय झालं."

रेश्मा आणखी काही विचारणार होती, तेवढ्यात फाटकाकडून खटखट ऐकू आली. शांती येत होती. शांती ही रेश्माची आई, म्हणजे फुलाची विहीण. तिच्या एका हातात काठी होती, दुसऱ्या हातानं ती कुंपण धरत येत होती आणि चार पावलांनी थांबून आकाशाकडे बघत होती. रेश्मानं आईकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि हातातली झावळी तोंडापुढे धरली.

या सगळ्याचं मूळ ईस्टरमध्ये होतं.

रामनगरपासून आत, धरणाखाली गेलेल्या जुन्या गावातून उठून आलेल्या चौदा घरांची ही लुथरन मंडळी. घंटा, वेदी आणि बाप्तिस्म्याचं पुस्तक त्यांनी लॉरीत घालून आणलं आणि सोबत एक जुनी चालही आणली. येशूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी अंधार असतानाच मंडळीतली सगळ्यात वडील बाई एकटी, दिवा न घेता, रानाच्या कडेच्या कबरस्तानात जायची. बाकीची मंडळी चर्चच्या दारात मुकाट उभी राहायची. बाई परत यायची आणि सांगायची, "तो तिथं न्हाई. उठलाय." मग सगळे एका आवाजात म्हणायचे, "खरोखर उठलाय!" त्यानंतरच गुरुवारपासून गप्प असलेली घंटा वाजायची आणि सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जायची. वर्षभर त्या चर्चमध्ये बोलायचं ते पाळकांनी आणि पंचांनी. बाईमाणसानं सगळ्यांपुढे मोठ्यानं बोलायचं ते एवढंच.

बावीस वर्षं ही बातमी सावित्रीआक्कानं आणली. गेल्या पावसाळ्यात ती वारली. आता जागा रिकामी होती.

फुलाला ती जागा हवी होती. कित्येक वर्षं ती धारा काढताना तेवढं वाक्य म्हणत आली होती. 'उठलाय' म्हटलं की थोरली म्हैस रवंथ थांबवून तिच्याकडे बघायची. तेवढं तरी तिचं कुणी ऐकत होतं. पण यंदा त्यात आणखी एक गोष्ट मिसळली होती. गेल्या ईस्टरला सावित्रीआक्काची चुन्याची पितळी डबी हरवली. डबी तिच्या सासूची, झाकणावर पोपट कोरलेला. उपासनेत आक्काच्या शेजारी फुला बसली होती. आक्कानं चर्चच्या अंगणातच, सगळ्यांच्या देखत, फुलाच्या कमरेकडे बोट केलं. फुलानं कनवटीला लावलेलं सगळं उपसून दाखवलं. तरी आक्कानं म्हणणं सोडलं नाही, आणि मरताना सोडायचं तिला सुचलं नसावं. तेव्हापासून फुला कुणाच्या घरी पान खायला बसली, की घरची बाई बोलता बोलता आपली डबी पदराखाली सरकवायची. त्याच लोकांनी एकदा आपल्या शब्दावर 'खरोखर' म्हणावं, एवढं फुलाला हवं होतं.

आडवी आली शांती. दोघींतली वडील कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

नवे पाळक नागराज गदगकडचे. घरी कानडी बोलणारे, मराठी पुस्तकातून शिकलेले. सोमवारी त्यांनी दोघींची आधार कार्डं मागवली. दोन्हींवर एक जानेवारी एकोणीसशे एक्कावन्न लिहिलेलं होतं. कार्ड काढणाऱ्या पोरानं त्या दिवशी रांगेतल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना एक जानेवारीला जन्माला घातलं होतं. मग बाप्तिस्म्याचं पुस्तक उघडलं. दोघींचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झाला होता. वयाचा रकाना वाळवीनं खाल्ला होता.

"तुमच्यापैकी कुणाला काही स्मरते आहे का?" पाळकांनी विचारलं.

"मला आठवतंय की," शांती म्हणाली. "डोक्यावर पाणी घातलं तशी ही फुली केवढ्यानं रडली! सगळं देऊळ डोक्यावर घेतलं हिनं."

"बघा, पाळकसाहेब," फुला म्हणाली. "हिला आठवतंय. म्हंजे ही अंगावरचं पोर न्हवती, शाणीसुरती होती."

"व्हय. म्हंजे मी थोरली. मी तेच सांगतेय."

फुलाला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण उशीर झाला होता. तिनं लगेच तोंड उघडून दाखवलं.

"दात मोजा. माझे सहा हाईत. हिचे अकरा."

"ते तंबाखूनं पडल्यात, वयानं न्हाई. आणि केस बघा हिचे. एवढे काळे केस थोरल्या बाईचे असत्यात?"

फुलानं कपाळावरचा पदर पुढे ओढला. डिसेंबरपासून तिनं केसांना काळी मेंदी लावलेली नव्हती, पण केस काही पांढरे व्हायला तयार नव्हते. साठी-सत्तरीत काळे केस म्हणून जिला बायका नावाजत होत्या, तिला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची लाज वाटली.

आठवडा असाच गेला. गुरुवारी प्रभुभोजनाला आधी वडीलधाऱ्यांनी पुढे यायचं असतं. दोघी उठल्या त्या इतक्या सावकाश, की पाळकांना हातात भाकर घेऊन वाट बघत उभं राहावं लागलं. दोघींनाही दुसरीपेक्षा उशिरा पोहोचायचं होतं. शेवटी पंच दत्तात्रय मागून हळूच म्हणाला, "काकू, रविवार उजाडंल."

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वेदीवर काळं कापड होतं. तीन तासांच्या उपासनेत प्रभूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश झाले. दुपारी घरोघरी नुसती बिनमिठाची पेज. शांतीला पेज घशाखाली उतरेना, म्हणे वयामुळं. हे कळल्यावर फुलानं आपली पेज म्हशीला घातली आणि अंथरूण धरलं. रेश्मा त्या दिवशी माहेर आणि सासर यांच्यामधल्या चाळीस पावलांच्या वाटेवर अकरा वेळा आली-गेली.

"दोघी मिळून मला म्हातारी करतायसा," ती संध्याकाळी दारात बसून म्हणाली. "यंदा मलाच पाठवा कबरस्तानात."

शनिवारी पाळकांनी शास्त्रातून तोड काढली. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, असं ते म्हणाले. चिठ्ठीऐवजी दत्तात्रयानं दोन चिंचोके आणले आणि एक दगडावर घासून पांढरा केला. दोन्ही तांब्यात टाकले; पांढरा जिचा, जागा तिची. फुलानं हात घातला. काळा निघाला.

तिनं चिंचोका परत तांब्यात टाकला. काठी टेकत चर्चच्या फाटकापर्यंत गेली, आणि वळणाआड गेल्यावर काठी खांद्यावर टाकून घरी आली. संध्याकाळी धार काढताना ओठ आपोआप हलले. म्हशीनं मान वळवली.

"न्हाई गं," फुला म्हणाली. "यंदा बी न्हाई."

रविवारी कोंबडा आरवायच्या आधी गोठ्याच्या बाजूच्या दाराची कडी वाजली. दारात शांती उभी होती. डोक्यावरून घट्ट पदर, हातात काठी.

"ईनबाई, जागी हाईस?"

"आता झाले. काय गं?"

शांतीनं अंगणाकडे बघितलं, मग आभाळाकडे. "मला अंधारात दिसत न्हाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. रेश्माला बी सांगितलं न्हाई मी."

"मग?"

"आणि काजूच्या बागेत अस्वल येतंय. बागवाल्या महाबळेश्वराच्या काजूची परवा नासाडी केलीया त्यानं."

"मग चिंचोका मला का न्हाई दिलास?"

"पांढरा आलेला कुणी देतं व्हय?" शांती म्हणाली. मग काठीनं उंबरा ठोकत म्हणाली, "शास्त्रात बाया गेल्या म्हणून लिवलंय. बाया. एक न्हवं."

फुलानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग कोपऱ्यातली काठी घेतली.

मंडळी चर्चच्या पुढच्या दारात उभी होती. दोघी मागच्या बाजूनं, कुंपणाच्या फटीतून वाटेला लागल्या. शांतीनं फुलाच्या पदराचं टोक धरलं होतं. शंभरएक पावलांवर वाट वळते आणि चर्च दिसेनासं होतं. तिथं एक जुनी जांभळ आहे. पुढं कबरस्तानापर्यंत दोन्ही बाजूंना काजू.

जांभळीपाशी शांती थांबली. "जरा टेकू दे. छातीत धडधडाय लागलंय."

ती झाडाचा बुंधा चाचपत मागं गेली आणि खाली बसली.

"अगं, इथं दगड हाय. चांगला चौरंगासारखा. बस की तू बी."

फुलाही मागं गेली. दगड बसून बसून गुळगुळीत झालेला होता. आभाळ किंचित पांढरं व्हायला लागलं होतं, आणि त्या उजेडात फुलाला बुंध्यावर काहीतरी पांढरं दिसलं. बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, ढोलीच्या आत, पाऊस लागत नाही तिथं, बोटांच्या रेघा होत्या. एकावर एक, दाट. पान लावल्यावर बोटाला राहिलेला चुना माणूस जवळ असेल त्यावर पुसतो, तशा.

फुलानं ढोलीत हात घातला. हाताला थंड लागलं. तिनं ते बाहेर काढलं आणि अंगठ्यानं झाकण चाचपलं. झाकणावर पोपट होता.

"काय गं ते?" शांती म्हणाली.

फुलानं डबी तिच्या हातात दिली. शांतीनं ती फिरवून फिरवून चाचपली, नाकाला लावली. मग दगड चाचपला. मग कबरस्तानाच्या दिशेला बघितलं, जिकडचं तिला काहीच दिसत नव्हतं.

"म्हंजे आक्का..."

"व्हय."

"बावीस वर्षं?"

"रेघा बघ किती हाईत त्या."

दोघी दगडावर बसून राहिल्या. शांतीला आधी हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी तिचं सगळं अंग हलत होतं. फुला मात्र हसली नाही.

"ह्यापायी मी वर्षभर चोर झाले," ती म्हणाली.

"मग दाखव की सगळ्यांस्नी. तुझ्यावरचा आळ जाईल."

"आणि कुठं गावली म्हणून सांगू?"

शांतीचं हसणं थांबलं. चर्चकडून कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. मंडळी वाट बघत होती.

"चल," फुलानं डबी परत घेऊन कनवटीला खोचली आणि उठली. "मी जाऊन बघून येणार. न बघता मी सांगणार न्हाई."

"आक्कानं न बघता सांगितलं. खोटं ठरलं व्हय?"

फुला चार पावलं पुढं गेली आणि थांबली. उजव्या हाताच्या काजूत काहीतरी जड हललं. फांदी मोडली. मग मोठ्यानं फुसफुसल्याचा आवाज झाला.

पुढचं दोघींपैकी कुणालाच नीट सांगता आलं नसतं. शांतीला अंधारात दिसत नव्हतं, पण पळताना ती फुलाच्या पुढं होती.

मंडळीनं पाहिलं ते असं. पहाटेच्या फिकट उजेडात, एकीऐवजी दोन म्हाताऱ्या, पदर वाऱ्यावर, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, उड्या टाकत वाटेवरून आल्या. दोघींच्याही हातांत काठ्या नव्हत्या. चर्चच्या पायरीपाशी येऊन त्या एकमेकींना धरून थांबल्या. पाळक नागराज तोंड उघडं टाकून बघत राहिले. रेश्मानं कपाळाला हात लावला.

शांतीनं बोलायला तोंड उघडलं. श्वास येत होता, जात होता, शब्द काही येत नव्हता. तिनं दुसऱ्यांदा प्रयत्न केला. मग तिनं कोपरानं फुलाला ढोसलं.

"सांग. तूच सांग."

फुलानं समोर बघितलं. दत्तात्रय होता, त्याची बायको होती, डब्या पदराखाली सरकवणाऱ्या सगळ्या जणी होत्या. फुलाचा उजवा हात कनवटीवर होता. तिथं पितळ अजून गार होतं.

"तो तिथं न्हाई," ती म्हणाली. इतक्या वर्षांचं पाठ वाक्य, पण आज समोर म्हैस नव्हती. "उठलाय."

"खरोखर उठलाय!"

घंटा वाजायला लागली.

पाळकांनी उपदेशाचे कागद बाजूला ठेवले. काल ज्यांना पायरी चढवत नव्हती, त्या आज धावत आल्या, याहून पुनरुत्थानाचे आणखी कोणते सामर्थ्य तुम्हांला पाहावयाचे आहे, असं त्यांनी विचारलं. पुढल्या बाकावर दोघी खाली मान घालून बसल्या होत्या. शांतीचे खांदे हलत होते. तिला भरून आलं आहे, असं पाळकांना वाटलं आणि त्यांनीही डोळे पुसले.

मग मेणबत्त्या घेऊन सगळे निघाले. काजूच्या बागेच्या कडेला महाबळेश्वराची चुकार म्हैस पाला खात उभी होती. तिनं मिरवणुकीकडे बघून फुसफुस केलं. फुला आणि शांती एकमेकींकडे न बघता पुढं गेल्या. जांभळीकडेही त्यांनी बघितलं नाही.

सावित्रीआक्काच्या कबरीवरची माती पावसानं बसली होती, पण अजून भुसभुशीत होती. फुला मेणबत्ती लावायला खाली वाकली आणि बराच वेळ वाकलेली राहिली. शांती पदर पसरून तिच्या मागं अशी उभी राहिली, की वारा अडावा. वारा त्या बाजूनं नव्हताच.

फुला उठली तेव्हा तिच्या नखांत माती होती. दत्तात्रय जवळ येऊन उभा राहिला. कबरीकडे बघत त्यानं सुस्कारा सोडला.

"बिचारी. त्या डबीपायी जीव अडकला होता बघा आक्काचा. कुणी घेतली, देवालाच ठाऊक."

शांतीनं तोंड उघडलं. फुलानं तिच्या हाताला धरलं.

"त्याला ठाऊक हाय न्हवं," फुला म्हणाली, "मग बास की."

आणि ती विहिणीला धरून उताराला लागली. काठीशिवाय, आणि जरा सावकाश.