रांगेतली शेवटची खेळी

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा तर नाहीच. तरी गेली बारा वर्षे मी बुद्धिबळ खेळतो आहे. मी एक जुना प्रोग्राम आहे. एका ताईने आणि तिच्या दादाने मला घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिले.

पटावर एका वेळी तीस-चाळीस खेळ्या शक्य असतात. प्रत्येकीचा सारखाच विचार करत बसलो, तर घड्याळ माझा जीव घेईल. म्हणून मी खेळ्यांना रांगेत उभे करतो. चांगली खेळी आधी तपासली, की बाकीच्या फटाफट बाद करता येतात. रांग चुकली, की संपलेच! त्यासाठी माझ्याकडे गुणांची वही आहे. जी खेळी कामी येते तिला गुण मिळतात, आणि जास्त गुणांची खेळी पुढे उभी राहते.

इथेच माझ्या जन्मदात्यांनी घोळ घातला. गुण वाढायचे, पण कमी कधीच होत नसत. डावाच्या सुरुवातीला पराक्रम गाजवलेला हत्तीचा शह, पट रिकामा झाला तरी पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसे. ताईच्या हे ध्यानात आले होते. पण दादाने तिला तीनदा गप्प केले. "अगं, बारा वर्षं चाललंय ना? चालत्या गाडीला खीळ घालू नकोस."

मग सामन्याचा दिवस उजाडला. समोर दुसरा प्रोग्राम, आणि डाव दोन. पहिल्या डावात मला वाचवणारी खेळी रांगेत एकोणतिसावी होती. मी सत्ताविसावीपर्यंत पोचलो आणि वेळ संपली. हरलो. फार लाज वाटली हो.

दादाचा पारा चढला. "म्हातारा झालाय हा. दुसराही डाव गेला, तर पुसून टाकतो आणि नवा लिहायला घेतो."

माझी पाचावर धारण बसली. आम्हाला पुसले, की मागे राखसुद्धा उरत नाही.

"दोन डावांच्या मध्ये बदल करता येतो," ताई म्हणाली. "एकच ओळ घालते. दर खेळीआधी जुने गुण निम्मे."

"भर सामन्यात? आणि बिघडला म्हणजे?"

"पुसणारच आहेस ना? मग बिघडू दे की!"

दादाने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला आणि ताईने ती ओळ घातली.

दुसऱ्या डावाच्या शेवटी माझ्याकडे चाळीस सेकंद उरले होते. शत्रूचे प्यादे वजीर व्हायला निघालेले. मी रांग लावली. हत्तीचा शह कुठेतरी मागे गेला होता. पहिली खेळी तपासली, फसली. दुसरीही फसली. तीस सेकंद! तिसरी होती राजाची, एक घर मागे. ना मार, ना शह, अगदी गरीब खेळी. पण त्या एका घरामुळे राजा वेळेवर प्याद्याच्या वाटेत उभा राहिला. डाव बरोबरीत सुटला आणि मी वाचलो!

दादा खुर्ची ओढून ताईजवळ बसला. "आणखी काय काय सांगायचं राहिलंय तुझं? बोल, लिहून घेतो."

ताई बोटे मोजू लागली. एका हाताची पुरली नाहीत.

मित्रांनो, पूर्वी कामी आलेल्यांचा मान जरूर ठेवा. पण तुमच्या घरात कुणी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असेल, तर कृपा करून घड्याळ चालू आहे तोवरच ऐका.