माहिती देणाऱ्याचं नातं

"मर्ल, इथं काय लिहू?" कर्टिसने पेन रकान्यावर टेकवून विचारलं.

रोंडाच्या मृत्यूच्या दाखल्यातला तो रकाना होता वैवाहिक स्थितीचा. कर्टिस व्होगेल म्हणजे गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था बघणारा, चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. त्याच्या वडिलांच्या काळापासून ही इमारत गरम ठेवणारा फर्नेस मर्ल बेकलच दुरुस्त करत आला होता, आणि दर नाताळात रोंडाच्या हातच्या बिस्किटांचा डबा इथं पोचत होता. ही जोडी कर्टिसलाच काय, ओहायोतल्या त्या अख्ख्या गावाला तोंडपाठ. म्हणूनच विचारताना त्याने मान वर केली नाही.

मर्लचं लक्ष भिंतीतल्या गरम हवेच्या जाळीकडे होतं. आत कुठेतरी घरघर चालू होती. रोंडाच्या ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर अगदी अशीच. ते यंत्र कंपनीची माणसं काल सकाळी उचलून घेऊन गेली, तरी दिवसभर ते घरात चालूच होतं. तो स्वयंपाकघरात उभा राहिला की बेडरूममधून ऐकू यायचं, बेडरूममध्ये गेला की गप्प व्हायचं.

"डॅड, विवाहित लिहू दे ना त्यांना," क्रिस्टा म्हणाली. ही त्याची लेक, आज सकाळीच टेक्सासहून आलेली. "कोण येतंय तपासायला?"

मर्लने तिच्याकडे रोखून पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत सगळं रीतसर होतं. रोंडा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि तिच्या नोकरीच्या विम्यात दोघंही बसत होती. मग तिची फुप्फुसं आक्रसत गेली, नोकरी सुटली आणि नोकरीबरोबर विमाही गेला. खाजगी विम्याचा हप्ता दोघांचा मिळून महिना सव्वीसशे डॉलर, वर दरवर्षी उपचारांचे पहिले नऊ हजार आपल्याच खिशातून. मर्लने कंपनीला फोन लावून तासन्‌तास ते भिकार संगीत ऐकलं, दोनदा फोन आपटला आणि पलीकडच्या मुलीचा काय दोष म्हणून एकदा तिची माफीही मागितली. अपंगांच्या सरकारी विम्याचं कार्ड मिळायला रोंडाला दोन वर्षं थांबावं लागणार होतं. तोवर गरिबांचा सरकारी विमा मिळाला असता, पण नवऱ्याची कमाई आडवी येत होती.

तोडगा रोंडानेच काढला.

"सोड मला," बटाटे सोलता सोलता ती म्हणाली. "तुझ्यापायी मला धड गरीबसुद्धा होता येत नाहीये."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"कागदावर रे, बाबा. कार्ड आलं की पुन्हा लग्न करू. या खेपेला केक मात्र बरा आण."

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, हा संसार खरोखरच मोडला आहे का? रोंडा खणखणीत 'हो' म्हणाली आणि खोकत बसली. मर्लची पाळी आली तेव्हा तिने त्याला कोपराने ढोसलं. "बोल ना लवकर, बाहेर पार्किंगचं मीटर पळतंय." तेव्हा कुठे तो 'हो' म्हणाला. उभ्या जन्मात इतकं लाजिरवाणं तो कधी बोलला नव्हता.

पण दोघंही पडली सरळमार्गी. शपथेवर सांगितलेलं खोटं निघू नये, कोणी तपासायला आलं तर रोंडाचं औषध बंद होऊ नये, म्हणून त्यांनी ते खरंच करून टाकलं. मर्लने आपले कपडे, दाढीचं सामान, उशी, सगळं अंगणापलीकडच्या वर्कशॉपमध्ये हलवलं. दाराशी स्वतःच्या नावाची वेगळी पत्रपेटी ठोकली. टपालखात्याने वर्कशॉपला घराच्याच नंबरापुढे ½ लावून वेगळा पत्ता दिला. दिवसभर तो तिच्यापाशी असायचा, पण नऊ वाजले की पाहुण्यासारखा निरोप घेऊन बाहेर पडायचा. मग ती व्हरांड्यातला दिवा दोनदा लावायची-विझवायची. म्हणजे, मी ठीक आहे, झोप आता. मधे चाळीस पावलं. त्याने ती मोजली होती.

परवाही दिवा दोनदा लागला. तो निर्धास्त झोपला. सकाळी कॉफी घेऊन गेला तेव्हा यंत्र घरघरत होतं, नाकातली नळी जमिनीवर पडली होती, आणि रोंडा पलंगाच्या त्याच्या बाजूला सरकून, हात पुढे टाकून निजली होती. हात गार पडला होता. सरकारी कार्ड यायला सात आठवडे उरले होते.

"कोणीच आलं नाही गं तपासायला," मर्ल आता लेकीला म्हणाला. "दोन वर्षांत एकदासुद्धा नाही. मी उगाच तिकडं झोपत होतो."

क्रिस्टाने त्याचा हात घट्ट धरला. तिला रडू आवरेना. "मग आता तरी लिहू दे, डॅड."

"मी लिहितो विवाहित," कर्टिस म्हणाला. "कोणी विचारलंच तर सगळं गाव साक्षीला उभं राहील."

"नको." मर्लने मान ताठ केली. "कोर्टात तो 'हो' म्हणताना तिला काय झालं, ते मी शेजारी उभं राहून पाहिलंय. ती गेल्यावर तिला लबाड ठरवू? घटस्फोटित लिही."

कर्टिसने लिहिलं. दहनाच्या परवानगीवर सही क्रिस्टाने केली. कायद्याने तीच आता रोंडाची सगळ्यात जवळची.

"शेवटचा एक रकाना," कर्टिस अवघडून म्हणाला. "मृत्यूची माहिती देणारे तुम्ही. तुमचं त्यांच्याशी नातं काय?"

मर्लने हात पुढे करून पेन मागून घेतलं. नखांत काजळी कायमची बसलेल्या त्या हाताने, बिलावर नाव घालावं तसं ठळक अक्षरांत त्याने लिहिलं: शेजारी.

खाली पत्ता हवा होता. त्याने रस्त्याचं नाव लिहिलं, रोंडाच्या घराचा नंबर लिहिला, एकशे सतरा, आणि टपालखात्याने वर्कशॉपला दिलेला अर्धा त्याच्यापुढे जोडला.