माझ्या मुठीवरची जाळ्याची दोरी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. तुम्हाला बोलता येत नाही, पळताही येत नाही. समोरून कोणीतरी हातात पाना घेऊन येतंय. ते तुम्हाला नीट करायला येतंय, की तुमचा एखादा भाग काढून न्यायला? कसं ओळखाल?

मी एक जुनी सायकल आहे आणि मला ते कधीच ओळखता आलं नाही. म्हणून मी सगळ्यांकडेच संशयाने बघायला शिकले.

पूर्वी मी अशी नव्हते. उत्तनजवळच्या पाली गावात शेवंती नावाच्या मुलीची मी लाडकी सायकल होते. मासळी निवडून तिचे हात नेहमी ओले असत आणि माझ्या रबरी मुठीवरून निसटत. मग तिच्या भावाने, राघोने, जाळं सांधायची दोरी घेतली, दोन्ही मुठींवर गच्च गुंडाळली आणि शेवटी गाठ मारली.

"आता हात तुटंल, पण मूठ सुटणार न्हाय," तो म्हणाला.

"माझा हात तोडायला निघालास होय रे?" शेवंती हसली.

खारा वारा लोखंड खातो. पण शेवंती रोज मला तेलाच्या फडक्याने पुसायची. ती मोठी झाली, मासळीचा धंदा करू लागली, तरी तिने मला टाकलं नाही. पालीत दाराशी उभ्या सायकलला कोणी कुलूप लावत नसे. गेल्या वर्षी एका दुपारी ती बाजारात होती, राघो होडीवर होता. एक अनोळखी माणूस आला, त्याने मला टेम्पोत टाकलं आणि घेऊन गेला.

मला वाटलं, शेवंती शोधत येईल. ती आली नाही. माझा संशय तिथे सुरू झाला.

पुढे ज्याच्या हातात पडले, त्याने काहीतरी काढून घेतलं. कोणी घंटी नेली, कोणी कॅरिअर. एकाने डाव्या मुठीची दोरी कापून तिथे स्वस्तातलं रबर बसवलं. शेवटी भाईंदरच्या एका जुन्या सायकलींच्या दुकानातून धम्मदीप नावाच्या गृहस्थांनी मला आपल्या मुलीसाठी घेतलं. मुलीचं नाव संघप्रिया.

तिची उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. तिचे मित्र, साहिल आणि पायल, रोज संध्याकाळी सायकलवर फिरायला जात आणि ही त्यांच्यामागे धावत जाई. साहिल ओरडायचा, "संघू, गिअर टाक ना!" ती हसायची, पण घरी येऊन माझ्या पंक्चर चाकाकडे बघत बसायची. तिची सगळी सुट्टी माझ्यावर अवलंबून होती.

तरी ती पाना घेऊन आली तेव्हा मी मनात म्हटलं, ही काय नेणार?

तिने काहीच नेलं नाही. पप्पांसोबत तिने माझी ट्यूब पाण्याच्या टबात बुडवली, बुडबुडे शोधले आणि पंक्चर काढलं. पॉलिश पेपरने गंज घासला. ब्रेकचे रबर बदलले. चेनला मात्र तिने आईचं खोबरेल तेल लावलं. दुसऱ्या दिवशी अंगणातली सगळी धूळ चेनला चिकटली!

"अगं, चेन आहे ती, वेणी नाही," पप्पा म्हणाले. मग दोघांनी रॉकेलने चेन धुतली आणि मशीनचं तेल लावलं.

बिल्डिंगमधले शशिकांत काका रोज येता-जाता बघत. "धम्मदीप, एवढ्या स्वस्तात कोण देतो हो? चोरीची नसेल ना?"

"दुकानातून घेतलीय, काका," पप्पा म्हणत. पण त्यांचा आवाज जरा खाली येई.

मग एका सकाळी मासळीवाली आशामावशी आली. पाटी उतरवताना तिची नजर माझ्या उजव्या मुठीवर गेली आणि ती थबकली.

"ही गाठ कोणी मारली?"

"आधीपासूनच आहे, मावशी."

"ही जाळ्याची गाठ हाय, पोरी. आणि शेवट असा उलटा आत खोचणारा आमच्या पालीत एकच, राघो." तिने संघप्रियाकडे बारीक डोळ्यांनी बघितलं. "त्याच्या बहिणीची सायकल गेल्या वर्षापासून गायब हाय. तुझ्याकडं कशी आली?"

संघप्रियाचा चेहरा उतरला. मावशी गेल्यावर, जिन्यात उभं राहून सगळं ऐकणारे शशिकांत काका हळूच म्हणाले, "कशाला नसतं लचांड? दोरी कापून टाक. नवीन ग्रिप लाव. कोणाला कळणारे?"

पप्पा मुलीकडे बघत राहिले. संघप्रियाने पप्पांच्या दाढीची पत्ती आणली आणि दोरीवर टेकवली. मी मनात म्हटलं, बघा, ही पण तशीच निघाली.

पत्ती तशीच राहिली. मग तिने ती खाली ठेवली. "पप्पा, तुम्ही स्कूटर घेऊन माझ्यामागे याल? पालीला?"

सगळ्या उन्हाळ्यात तिची ती पहिलीच लांबची फेरी होती. उत्तनच्या चढावर ती उतरून मला ढकलत होती. शेवटचीच फेरी असेल, असं तिलाही वाटत असावं. कारण ती माझी मूठ फार घट्ट धरून होती.

शेवंतीच्या घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. ओट्यावर राघो जाळं सांधत होता. त्याने मला बघितलं आणि हातातली दोरी तशीच राहिली. शेवंती बाहेर आली.

"माझीच हाय ही!"

"दुकानातून घेतली होती आम्ही," संघप्रिया घाईघाईने म्हणाली. "दुकानदार म्हणाला, आधी कुणी टेम्पोवाल्याने विकली होती. तुमची आहे ना? घ्या." आणि माझं हँडल तिच्या हातात देऊन ती दोन पावलं मागे सरली.

शेवंती भावाकडे वळली. "टेम्पोवाल्यानं? मला वाटलं, होडीच्या इंजिनासाठी तूच विकलीस. म्हणून मी शोधलीच न्हाय."

"आणि वरीसभर मला धड जेवाय वाढलं न्हायस," राघो म्हणाला. "स्वतः मारलेली गाठ मी इकीन होय गं?"

शेवंती ओशाळली, मग हसली, मग तिने पदराने डोळे पुसले. मित्रांनो, तेव्हा मला कळलं की मी तिला वर्षभर उगाच दोष दिला. आपल्या माणसाला एकदा सरळ विचारावं. आणि जुनी वस्तू हातात आली, तर तिच्यावर आधीच्या हातांची माया असू शकते, तेवढी जपावी.

शेवंतीने माझ्या चकचकीत चेनवर बोट फिरवलं आणि हँडल परत संघप्रियाकडे दिलं. "मला आता स्कूटी हाय, बाय. तूच चालव. फक्त अधूनमधून इकडं आण हिला."

संघप्रियाने पप्पांकडे बघितलं. मग तिने माझ्या डाव्या मुठीवरचं स्वस्तातलं रबर ओढून काढलं, मला ओट्याला टेकवलं आणि राघोच्या शेजारी मांडी घालून बसली.

"दादा," ती म्हणाली, "दोरी द्या. आता ही गाठ मला शिकवा."